डिस्नेलँडसमोरचा हार्बर रस्ता आणि होऊ घातलेला पादचारी पूल: चालणाऱ्यांची सोय की वळसा?

सांजवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

दक्षिण कॅलिफोर्नियात घर केलेल्या मराठी माणसाला भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी दोन वाऱ्या चुकत नाहीत. एक ग्रँड कॅनियनची, दुसरी ॲनाहाइमच्या डिस्नेलँडची. पहिलीवर इथे ढीगभर धागे आहेत. दुसरीतल्या राइड्स, तिकिटं, रांगा, आत शाकाहारी काय मिळतं यावरही आहेत. पण बागेच्या दारापर्यंत पायी पोचायचं कसं यावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा प्रपंच.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: डिस्नेलँडच्या पूर्वेच्या अंगाने हार्बर बुलेवार्ड हा भलामोठा रस्ता उत्तर-दक्षिण जातो. उत्तरेला बॉल रोड, दक्षिणेला कॅटेला ॲव्हेन्यू. हार्बरच्या पलीकडच्या काठाला मोटेलांची रांग आहे आणि आपले बरेच लोक तिथेच उतरतात, कारण डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांचे दर ऐकले की सासरे म्हणतात, "आपण घरीच टीव्हीवर बघू." खोलीतून बाहेर पडायचं, सिग्नलला रस्ता ओलांडायचा, सुरक्षा तपासणीतून पुढे गेलं की दोन बागांच्या मधलं पटांगण लागतं. त्याला एस्प्लनेड म्हणतात. डावीकडे कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर, उजवीकडे मूळ डिस्नेलँड.

ऐकायला सोपं आहे. सकाळी बाग उघडायच्या सुमाराला त्या सिग्नलपाशी उभं राहून बघा. दोन-दोन पोरं बसवलेल्या बाबागाड्या, व्हीलचेअरवरच्या आज्या, मिकीचे कान लावलेली आणि आईचा हात सोडवून पळायला टपलेली कार्टी, आणि पलीकडून हॉटेलांच्या शटल बसेस वळतायत. रात्री आतषबाजी संपल्यावर हेच सगळं उलट्या दिशेने, आता पोरं झोपलेली आणि आज्यांचे गुडघे बोलतायत. चालणारा पांढरा माणूस दिसतो, लोंढा निघतो, आकडे उलटे मोजले जातात, आणि अर्धा लोंढा अजून फूटपाथवरच असतो.

इथे रस्त्यावरून जाणारा पादचारी पूल होणार असं अनेक वर्षं ऐकतेय. माझं मत सरळ आहे: लवकर होऊ दे. पण शेजारच्या एका मोटेलच्या काउंटरवरच्या काकांशी (गुजराती, वापीचे) बोलले तर ते म्हणाले, "बेन, ब्रिज आमच्यासाठी नाही, पार्किंगसाठी आहे." तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. कुणाला नीट माहिती आहे का?

निवांत_नाशिककर

वेळेवर धागा. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन येतोय. बाबांचा उजवा गुडघा बदललाय, डाव्याचा नंबर लागलाय. पूल झालाय की व्हायचाय? आणि जिने किती?

रस्तेवाला

व्हायचाय. जिन्यांवर नंतर येतो, आधी इतिहास, कारण त्याशिवाय त्या काकांचं म्हणणं कळणार नाही. (वाहतूक नियोजनात नोकरी करतो, ॲनाहाइमशी संबंध नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.)

१७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. तेव्हाच्या नकाशात बागेच्या दारासमोर काय होतं? पार्किंग. सुमारे १०० एकरांचं, बारा हजारांवर गाड्या मावतील असं. आज जिथे कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर उभं आहे (फेब्रुवारी २००१ पासून) तीच ती जागा. माणूस गाडीने येणार, गाडी लावणार आणि आत जाणार, एवढंच गृहीत धरलेलं. फूटपाथवरून पोरांना घेऊन चालत येणारा माणूस त्या चित्रात नव्हता.

पण भोवतालची जमीन विकत घेण्याइतका पैसा वॉल्ट डिस्नेकडे नव्हता. बाग चालायला लागल्याबरोबर आजूबाजूला मोटेलं, खानावळी, निऑनच्या पाट्या उगवल्या. आपल्या जिवावर हे लोक कमावतात याचा त्याला फार राग होता. म्हणून फ्लोरिडात गेला तेव्हा गुपचूप सुमारे २७,००० एकर घेऊन ठेवले, कुणी जवळ फिरकूच नये म्हणून. परिणाम काय? ऑरलँडोत बाहेरच्या हॉटेलातून मॅजिक किंग्डमला (तिथल्या डिस्नेच्या बागेला) पायी जायचं नावही काढू नका. ॲनाहाइममध्ये मात्र जाता येतं. मालकाला जे खुपत होतं तेच आज आपल्यासारख्यांच्या पथ्यावर पडलंय.

आता बागेची पश्चिम बाजू बघा. तिथे डिस्नेलँड ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. डिस्नेलँड हॉटेलकडून डाउनटाउन डिस्नेमधून दुकानं बघत बघत तुम्ही एस्प्लनेडला येता, तेव्हा तो रस्ता कधी ओलांडला हे तुमच्या लक्षातही येत नाही. तो खालून जातो. गाड्यांना खाली उतरवलंय, माणूस सपाटीवरच आहे. ज्या बाजूला डिस्नेची हॉटेलं त्या बाजूला असं, आणि ज्या बाजूला इतरांची मोटेलं त्या बाजूला सिग्नलचं बटण. यात कुणाचा कट वगैरे नाही. ज्याची जमीन दोन्ही काठांना, तोच असं काही बांधू शकतो.

पूर्वेला हे साधायचं म्हणून २०१५ मध्ये डिस्नेने हार्बरवरचं कॅरोसेल इन हे हॉटेल विकत घेतलं, पुढे पाडलं. २०१६ मध्ये 'ईस्टर्न गेटवे'चा आराखडा आला: हार्बरच्या पूर्वेला सुमारे ६,९०० गाड्यांची बहुमजली पार्किंग, बसथांबा, आणि तिथून हार्बरवरून बागेकडे जाणारा पूल. वृत्तपत्रांत चित्रं छापून आली, सगळे खूश. मग हार्बरवरच्या हॉटेलवाल्यांनी आराखडा नीट वाचला. पूल त्यांच्या दारावरून जाणार होता, पण त्यांच्या दारात उतरत नव्हता. आज त्यांचा पाहुणा समोरचा सिग्नल ओलांडतो की बागेत. आराखड्याप्रमाणे त्याला वळसा घालून मागच्या बाजूने पार्किंगच्या इमारतीकडे जायचं आणि तिथून पुलावर यायचं. 'बागेपासून पायी पाच मिनिटं' हीच ज्यांची सगळी पुंजी, त्यांनी ओरड केली नसती तरच नवल. बैठका झाल्या, आराखडा बदलायचं ठरलं, आणि २०१७ च्या अखेरीस डिस्नेने प्रकल्पच बाजूला ठेवला. पार्किंग पश्चिमेला बांधलं. तेच २०१९ चं पिक्सार पाल्स. तिथे मॅजिक वे या रस्त्यावरून पूलही झाला.

तर सांजवाराताई, वापीचे काका २०१६ च्या आराखड्याबद्दल बोलत होते.

खवचट_आजोबा

म्हणजे तिकडेही स्कायवॉकच!

मुंबईतला पहिला स्कायवॉक वांद्रे पूर्वेला, कलानगर ते स्टेशन, २००८. एमएमआरडीएने मग धडाक्यात पुढचे बांधले. आम्ही तेव्हा वांद्र्याला नोकरीला. वरून चालताना छान वाटायचं, नाही म्हणत नाही. पण चढायचं जिन्याने, लिफ्ट नाही, सरकता जिना नाही. साठीनंतरच्या माणसाने काय करावं? खालून जावं. खाली काय? रिक्षा, टेम्पो आणि "आजोबा, वर ब्रिज आहे ना" असं शहाणपण शिकवणारी पोरं. पुढे २०१९ मध्ये तो धोकादायक म्हणून बंदच केला, मग धडधाकटही खाली आमच्यात आले.

पूल बांधला की खालचा फूटपाथ कुणाचाच राहत नाही, हे माझं निरीक्षण. डिस्नेसाहेबांनाही कळवा.

तोक्योची_वैदेही

आमच्याकडचं सांगू? तोक्यो डिस्नेलँड १९८३ मध्ये सुरू झालं तेव्हा जवळ स्टेशन नव्हतं, लोक उरायासू स्टेशनवर उतरून बसने जायचे. १९८८ च्या डिसेंबरात मैहामा स्टेशन झालं. आता स्टेशनच्या दक्षिण दारातून बाहेर पडलं की उंचावरचा रुंद पादचारी चौथरा, गाड्यांचा रस्ता खाली. उजवीकडे चालत सुटलं की बाग. सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांनी रस्ता ओलांडायचा कुठे हा प्रश्नच विचारला नाही.

पण रस्तेवाला म्हणतात ते पटलं. इथे चौथरा स्टेशनलाच जोडलाय, म्हणजे लोक मुळात जिथून येतात तिथून तो सुरू होतो. मोनोरेल (२००१) आणि दुकानांचं संकुलही त्याच पातळीवर.

मधुरा_सॅन_होजे

सगळ्यांचं वाचून थोडं चिडून लिहितेय, सांभाळून घ्या.

पुलाला नावं ठेवणं सोपं आहे. माझी आई व्हीलचेअरवर असते. रात्री आतषबाजीनंतर त्या सिग्नलला मी खुर्ची धरून उभी होते, मागून गर्दीचा रेटा, पुढे वाहता रस्ता. मागचा माणूस वाईट नव्हता, त्याच्याही मागून लोक ढकलत होते. फूटपाथच्या कडेला उतार असतो ना व्हीलचेअरसाठी, त्यावर ब्रेक लावून मी टाचांनी खुर्ची रोखून धरली होती. अशा वेळी कुणी मला 'पुलाने मोटेलवाल्यांना वळसा पडतो' सांगितलं तर मी म्हणेन पडू दे. पाच मिनिटं जास्त चालेन, पण आईच्या आणि बसच्या मधे काहीतरी असू दे.

एवढ्या गर्दीला रस्त्याच्या पातळीवर सुरक्षित नेता येत नाही. बास.

रस्तेवाला

मधुराताई, तुमचं म्हणणं खोडायचं नाही. गर्दीच्या त्या तासाभरात पुलाला पर्याय नाही हे मलाही मान्य. पण थोडं गणित मांडतो, म्हणजे पुलावर पोचायला तुम्हाला काय करावं लागेल ते दिसेल.

मोठ्या रस्त्यावरून पूल न्यायचा तर खाली सतरा-अठरा फूट मोकळी उंची लागते. वर पुलाच्या तळाची जाडी. म्हणजे चालणाऱ्याला साधारण वीस फूट चढायचंय. व्हीलचेअरसाठी उतार १२ ला १, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. वीस फुटांना २४० फूट. शिवाय दर ३० इंच चढल्यावर किमान ६० इंचांचा सपाट टप्पा सक्तीचा, म्हणजे असे सात टप्पे, आणखी ३५ फूट. एका बाजूला पावणेतीनशे फुटांचा उतार! हार्बरच्या फूटपाथवर एवढी जागा कुठे? मग लिफ्ट. लिफ्टच्या एका फेरीत किती बाबागाड्या मावतील ते तुम्हीच सांगा. आणि आतषबाजीनंतर त्या लिफ्टसमोरची रांग सिग्नलच्या रांगेपेक्षा छोटी असेल का, तेही.

आता पार्किंगवाल्याकडे बघा. त्याची गाडी बहुमजली इमारतीत. तिथे लिफ्टा आहेतच, आणि पुलाच्या पातळीचा मजला ठेवला की तो सरळ चालत सुटतो. पूल तोच, पण गाडीवाल्याला तो सपाट आणि पायी आलेल्याला वीस फूट चढ.

दुसरी गोष्ट, सुरक्षा तपासणी. ती पुलाच्या आधी, पूर्वेच्या काठालाच झाली तर तपासून झालेला माणूस आणि रस्त्यावरून आलेला माणूस पुलावर मिसळता कामा नयेत. मग पुलाला मधेच रस्त्यावरून जिना देणं अवघड. तपासणी पलीकडे, बागेच्या बाजूला ठेवली तर पूल सगळ्यांना मोकळा ठेवता येतो. चित्रात हे दिसत नाही, पण पूल सार्वजनिक की खाजगी हे त्या यंत्रांच्या जागेवर ठरतं. म्हणून कुठल्याही पुलाच्या चित्रात मी कमान किती छान हे बघत नाही. दोनच गोष्टी शोधतो: त्याचे पाय कुठे टेकतात, आणि चढायची मुभा कुणाला.

निवांत_नाशिककर

साष्टांग! पण मग आहे त्या सिग्नलचं काय करता येईल? तो तर पूल होईपर्यंत आहेच.

रस्तेवाला

पुष्कळ करता येतं, आणि स्वस्तात.

समजा रस्ता १०० फूट रुंद आहे (हार्बरचं माप नव्हे, हिशेबाला सोपं). अमेरिकन नियमावलीत चालण्याचा वेग पूर्वी सेकंदाला चार फूट धरत, २००९ पासून साडेतीन. म्हणजे ओलांडायला २९ सेकंद. तीन फुटांनी चालणारे आजोबा धरले तर ३३. फरक फक्त चार-पाच सेकंदांचा, पण सिग्नलचं चक्र दोन मिनिटांचं असेल तर त्या चार-पाच सेकंदांसाठी गाडीवाले भांडतात. आणि दोन मिनिटांचं चक्र म्हणजे तासात फक्त तीस वेळा चालणारा माणूस. एक चुकला तर जवळजवळ दीड मिनिट तिष्ठा. तिष्ठणारी गर्दी साचते, आणि साचलेली गर्दी मधुराताईंच्या पाठीवर येते.

उपाय: बाग सुटायच्या वेळी पादचाऱ्यांचा ओलांडायचा वेळ वाढवणं. गाड्यांना हिरवा मिळायच्या तीन ते सात सेकंद आधी माणसांना सोडणं, म्हणजे वळणाऱ्या गाडीच्या आधीच ती रस्त्यावर दिसतात. लाल दिव्यावर उजवीकडे वळायला बंदी. आणि सिग्नलपाशी फूटपाथ रुंद करणं, म्हणजे थांबलेल्यांना उभं राहायला जागा. यातलं एकही काम करायला हॉटेल पाडावं लागत नाही.

कायद्याचं_बोला

उजव्या वळणावरून आठवलं. भारतातून येणाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

एक, कॅलिफोर्नियात लाल दिव्यावर थांबून, मग उजवीकडे वळता येतं, तसा मनाई फलक नसेल तर. त्यामुळे तुमचा चालणारा माणूस दिसत असतानाही शेजारच्या रस्त्यावरची गाडी तुमच्या अंगावर वळू शकते. चालवणाऱ्याने थांबायला हवं, पण तो डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो. तुम्ही उजवीकडून येताय. त्याच्या डोळ्याला डोळा भिडल्याशिवाय पाऊल टाकू नका.

दोन, आकडे उलटे पडायला लागले की पूर्वी पाऊल टाकणं बेकायदेशीर होतं. २०१८ पासून राज्याच्या एबी ३९० कायद्याने मुभा आहे, अट एवढीच की आकडा संपायच्या आत पलीकडे पोचलं पाहिजे. गुडघेवाल्यांनी हा हिशेब करू नये.

तीन, एबी २१४७, १ जानेवारी २०२३ पासून. सिग्नलबाहेर रस्ता ओलांडला म्हणून पोलिस आता उगीच अडवू शकत नाहीत, तातडीचा धोका दिसत असेल तरच. याचा अर्थ 'कुठूनही ओलांडा' असा कृपया काढू नका. गाडीवाल्याला वाट देण्याची तुमची जबाबदारी गेलेली नाही, आणि हार्बरवरच्या गाड्या लक्ष्मी रोडच्या वेगाने येत नाहीत.

खवचट_आजोबा

लक्ष्मी रोडवर वेग असतो?

गोराईचा_नाखवा

अवांतर: आमच्या लहानपणी एस्सेलवर्ल्डला जायचं तर गोराईची नाहीतर मार्वेची जेट्टी, तिथून बोट. रस्ता ओलांडायचा प्रश्नच नव्हता, खाडी ओलांडायचो. आता तेही बंद झालं, २०२२ पासून.

व्यवस्थापक

एस्सेलवर्ल्डच्या आठवणींना वेगळा धागा आहे, नाखवा. इथे हार्बर.

वेगसवासी_विदर्भी

हार्बरसाठी वेगसकडे बघून घ्या. आमच्या स्ट्रिपवर (लास वेगसचा कॅसिनोंचा मुख्य रस्ता) पुलांचं जाळं आहे. ट्रॉपिकानाच्या चौकात चारी बाजूंनी पूल, खालून ओलांडायची सोयच नाही. सरकते जिने आहेत, लिफ्टा आहेत, त्या चालू असल्या तर उत्तम. बंद असल्या तर व्हीलचेअरवाल्याने पुढच्या पुलापर्यंत जावं. आणि वर लोक फोटो काढत थांबतात, वाजवणारे बसतात, गर्दी तुंबते. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये काउंटीने नियमच केला, पुलावर थांबायचं नाही. चालायला बांधलेल्या जागेवर उभं राहणं गुन्हा!

सांगायचं एवढंच, पूल झाला की खालचं क्रॉसिंग काढून टाकायचा मोह सरकारला होतो. ते राहतंय का यावर डोळा ठेवा.

सांजवारा

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

मी 'लवकर होऊ दे'वर अजून ठाम आहे, पण आता शेपूट जोडून. 'डिस्नेलँडफॉरवर्ड' या मोठ्या आराखड्याला ॲनाहाइमच्या नगरपरिषदेने मे २०२४ मध्ये अंतिम मंजुरी दिली. दहा वर्षांत डिस्नेने किमान १९० कोटी डॉलर बागेत गुंतवायचे असा करार आहे. त्यात पूर्वेचं पार्किंग आहे, आणि हार्बर व डिस्नेलँड ड्राइव्हवरून पादचारी पूलही. म्हणजे ईस्टर्न गेटवे दुसऱ्या नावाने परत आलाय. त्याच मंजुरीत मॅजिक वे हा सार्वजनिक रस्ता शहराने डिस्नेला ४ कोटी डॉलरला द्यायचं ठरवलं, आणि त्यावर पश्चिमेकडच्या रहिवाशांनी हरकती घेतल्या, की आमचा रोजचा रस्ता का विकता? तिथेही वाद शेवटी हाच होता, की कोण कुठून जाणार.

मधुरा, तुझं लिहिलेलं वाचून आतषबाजीनंतरचा तो चौक डोळ्यांसमोर आला. पण रस्तेवालांच्या हिशेबाने तुझी आई पुलावर चढणार लिफ्टनेच. म्हणजे तुला पूलही हवा, आणि खालचा सिग्नलही नीट हवा. मोटेलवाल्या काकांनाही तेच हवंय, फक्त त्यांचं कारण धंद्याचं आहे. माझं तर म्हणणं आहे की असल्या बाबतीत धंदेवाईकांचा स्वार्थ उपयोगी पडतो. २०१६ ला चालणाऱ्या पाहुण्यांची बाजू कुणी मांडली? आपण तर एक दिवस जाऊन घरी येतो, नगरपरिषदेत कोण जातंय बोलायला. ते मोटेलवाले गेले.

मधुरा_सॅन_होजे

हे मान्य. पूल अधिक सिग्नल. पण पूल आधी.

रस्तेवाला

सिग्नल आधी. तो या वर्षी सुधारता येतो. :)

निवांत_नाशिककर

तुमचं चालू द्या, मला बुकिंग करायचंय. बाबांसाठी व्हीलचेअर बागेत भाड्याने मिळते असं वाचलं. मग हार्बरची चिंता कशाला?

सांजवारा

तीच तर गंमत आहे. ती मिळते डिस्नेलँडच्या मुख्य दाराशेजारी, उजव्या हाताला. म्हणजे हार्बर ओलांडून, तपासणीच्या रांगेतून, एस्प्लनेड चालून गेल्यावर. आणि ती बाहेर न्यायची परवानगी नाही, संध्याकाळी तिथेच परत करायची. सर्वात जास्त थकलेले असताना हॉटेलपर्यंतचं अंतर बाबांना पायीच. त्यापेक्षा बाहेरच्या भाडे दुकानांकडून हॉटेलवरच मागवून घ्या, घडीची. बाबागाडी नेणार असाल तर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब याहून मोठी चालत नाही, मे २०१९ पासूनचा नियम आहे, आणि ओढायच्या वॅगन तर अजिबात नाहीत.

हॉटेल निवडताना 'डिस्नेलँडपासून अंतर' हा आकडा बघू नका. नकाशातली टाचणी बागेच्या मध्यावर टोचलेली असते. 'हार्बरवरचं पूर्वेचं प्रवेशद्वार' असं टाकून चालण्याचा मार्ग काढा. आणि त्या मार्गात किती सिग्नल येतात ते मोजा. एकच येत असेल ते घ्या, चार डॉलर जास्त गेले तरी. कॅटेलापलीकडचं स्वस्त दिसेल, पण त्यात तो चौकही ओलांडावा लागतो. तिकडे उतरलात तर शटलने या.

मधुरा_सॅन_होजे

आणि आतषबाजी संपल्यावर लगेच निघू नका हो. एस्प्लनेडवर बाकं आहेत. बाबांना बसवा, पाणी प्या, अर्धा तास काढा. लोंढा ओसरला की तोच सिग्नल माणसात येतो.

निवांत_नाशिककर

एक सिग्नलवालं हॉटेल मिळालं, बुक केलं. खुर्ची हॉटेलवर पोचवतील का ते विचारायला आत्ताच ईमेल टाकतोय. रस्तेवाला, तुमचं १२ ला १ बाबांना वाचून दाखवलं, ते पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत. म्हणाले, सपाट टप्प्यांचा हिशेब बरोबर आहे, पण वळणावरचे टप्पे धरले नाहीत.

रस्तेवाला

बाबांना नमस्कार सांगा. वळणं धरली तर तीनशे फुटांच्या वर जाईल.